चादरी की झाडं

बेबीला बेबी म्हणायचे नाही, हा त्या बैठकीतला पहिला निर्णय होता, आणि तो बैठक सुरू होण्यापूर्वीच घेतला गेला होता.

"सर, त्यांनी चाळिशी ओलांडली आहे," नियोजिका म्हणाली. "प्रौढ व्यक्तीला बेबी म्हणणं तिच्या सन्मानाला धरून नाही."

"आमच्या नात्यात तीन बेबी आहेत," आरेखक म्हणाला. "एक आजी झाली. दुसरी कोर्टात कारकून आहे, तिला वकीलसुद्धा वचकून असतात. सन्मानाला अजून तरी काही झालेलं नाही."

नियोजिका हसली नाही. ती जेमतेम पंचविशीची, नीटस, मनापासून काम करणारी मुलगी होती, आणि आरेखकाला नेमका याच गोष्टीचा राग येत होता. कामचुकार माणसाशी कसे भांडावे हे त्याला उत्तम ठाऊक होते. तिने खुर्ची बेबीकडे वळवली आणि जन्मदाखल्यावरचे तिचे लांबलचक नाव घेऊन, त्यापुढे 'ताई' जोडून, अत्यंत आदराने नमस्कार केला. बेबीने मागे वळून पाहिले. मागे कपाट होते. कपाटाला कोणीतरी नमस्कार करते आहे याचे तिला नवल वाटले असावे, कारण तिनेही त्याला हात जोडले.

आरेखकाने कपाळाला हात लावला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने हसू दाबण्यासाठी रुमाल तोंडाशी धरला.

आरेखक पाणीपुरवठा खात्यात होता. जमिनीखालच्या नळांचे नकाशे आखण्यात त्याचे तारुण्य गेले, आणि आता तेच नकाशे संगणक आखत असल्यामुळे संगणकाच्या चुका काढण्यात त्याचे उरलेले आयुष्य चालले होते. खात्यात त्याला पाठीमागे 'अर्जदार' म्हणत. रस्त्यावरचा दिवा, टपालाची दिरंगाई, पदपथावर रचलेल्या विटा, असा एकही विषय नव्हता की ज्यावर त्याने तक्रार केली नव्हती. त्याच्या तक्रारींत व्याकरणाची चूक कोणाला कधी सापडली नाही आणि त्यांची दखल घ्यावी असेही कोणाला कधी वाटले नाही. हे तो स्वतःच सांगत असे, आणि सांगताना हसत नसे.

बेबी त्याची धाकटी बहीण. तिची बुद्धी लहानपणीच एका टप्प्यावर येऊन थांबली, असे डॉक्टर म्हणाले होते. आईने ते कधीच मान्य केले नाही. आईच्या मते बेबी थांबली नव्हती, ती आपल्या चालीने चालत होती. तिला घड्याळ कळत नसे, पण कामावर जायची वेळ झाली की ती चपला घालून दाराशी उभी राही. तिच्याकडे शब्द मोजके होते आणि ते ती जपून वापरी. आई गेल्यावर ती भावाकडे आली. वहिनीने पहिल्याच दिवशी तिला "या वन्सं, आता तुमचंच राज्य" म्हणून हात धरून आत नेले, आणि तेव्हापासून त्या दोघींचे आपापसात असे काही जमले होते की त्यात आरेखकाला फारसा शिरकाव नव्हता.

बेबी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथे यंत्रांच्या गडगडाटात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नसे, आणि म्हणूनच कदाचित तिला तिथे कोणी मुखदुर्बळ समजत नसे. धुतलेल्या चादरी तापलेल्या रुळांमधून सपाट होऊन बाहेर पडत. त्यांची घडी घालायला दोन माणसे लागतात. एकीने या टोकाचे दोन कोपरे धरायचे, दुसरीने त्या टोकाचे. चादर ताणायची, एकदा झटकायची, लांबीत दुमडायची, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचे आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. बेबीच्या समोर असायची ती घडीवाली मावशी. अंगाने भक्कम, तोंडाने फटकळ, सगळ्या जगाशी उभा दावा मांडलेली. चालत जवळ आल्या की मावशी दरवेळी आपले कपाळ बेबीच्या कपाळावर हलकेच आपटायची आणि "टक्कर!" म्हणायची. बेबी खुदकन हसायची. मग पुढची चादर. दिवसभर हेच. आरेखकाने एकदा धुलाईघरात जाऊन हा प्रकार पाहिला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "मला नोकरीत इतका आनंद एकदाही झालेला नाही."

बेबीला हे काम लावून दिले होते एका संस्थेने, आणि त्याच संस्थेने यंदा ठरवले होते की आपल्याकडे नोंद असलेल्या प्रत्येक व्यक्तीचा व्यक्तिगत आधार आराखडा झाला पाहिजे. त्या व्यक्तीला काय हवे, काय आवडते, कुठे मदत लागते, पुढे कुठे जायचे, हे सगळे तिच्या मर्जीने ठरायचे. कल्पना उत्तम होती. आरेखकाने माहितीपत्रक दोनदा वाचले आणि त्यात तक्रार करण्याजोगे काही सापडेना म्हणून त्याला थोडे अस्वस्थही वाटले.

चूक झाली ती पहिल्या भेटीत, आणि ती त्याच्याच तोंडून झाली. आराखडा करायला संस्थेची ही नियोजिका घरी आली होती. चहा घेता घेता तिने सहज विचारले, "त्या आपली निवड आपण करतात का?"

"म्हणजे काय!" आरेखकाची छाती फुगली. "रोज करते. चहा की दूध, ती सांगते. हा कपडा की तो, ती सांगते. आमच्या आईने तिला तसं वाढवलंय. लोक काय समजतात हो, अशा माणसांना मन नसतं?"

नियोजिकेचे डोळे चमकले. अशी कुटुंबे तिला क्वचितच भेटत असावीत.

हे सांगताना आरेखक खोटे बोलत नव्हता. तो फक्त एक गोष्ट विसरला होता, आणि ती इतकी जुनी, इतकी घरातली होती की विसरणेच स्वाभाविक होते. बेबीला दोन गोष्टी विचारल्या की ती नेहमी दुसरी सांगते. तीन विचारल्या तर तिसरी. शेवटचा शब्द तिच्या कानात राहतो आणि तोच तिच्या तोंडून बाहेर पडतो. आईने हे फार पूर्वी ओळखले होते. घरात दूध भरपूर असेल तर आई "चहा की दूध?" विचारायची, आणि दूध चहापुरतेच असेल तर "दूध की चहा?" बेबी निवडायची, आई "बरं हो, तुझ्या मनासारखं" म्हणायची, आणि दोघीही खूश. पुढे सारे घरच तसे विचारू लागले. ही आईची युक्ती आहे हे मुलांच्या लक्षातून गेले. राहिली ती फक्त बेबी स्वतः निवडते ही घराची प्रौढी.

आता बैठकीत त्या प्रौढीची वसुली सुरू झाली.

गोल टेबलाभोवती चौघे होते: नियोजिका, आरेखक, त्याची बायको आणि धुलाईघराचा मुकादम, जो आल्यापासून घड्याळाकडे बघत होता. पाचवी बेबी, जिला आता ताई म्हणायचे होते. घडीवाल्या मावशीला बोलावले नव्हते. आरेखकाने विचारल्यावर नियोजिकेने सांगितले की सहकारी व्यक्ती आधारवर्तुळात येत नाहीत.

"मग आधार कोणाचा, कपाटाचा?" आरेखक म्हणाला.

"अहो," बायकोने टेबलाखालून चिमटा काढला.

नियोजिकेने टेबलावर चित्रे मांडली. एकावर पांढऱ्या चादरींची चळत होती, दुसऱ्यावर कुंड्या आणि रोपे. संस्थेने नुकतीच एक रोपवाटिका सुरू केली होती. मोकळी हवा, बसून काम, यंत्रांचा गोंगाट नाही. ती बेबीच्या डोळ्यांत बघून, सावकाश, प्रत्येक शब्द निराळा ठेवत म्हणाली, "ताई, तुम्हाला काय करायला आवडेल? चादरी की झाडं?"

"झाडं," बेबी म्हणाली.

त्या एका क्षणात आईची सगळी युक्ती आरेखकाला लख्ख आठवली.

"नक्की? चादरींचं काम करायचं की झाडांचं?"

"झाडांचं."

"अहो, थांबा," आरेखक म्हणाला. "ती शेवटचा शब्द बोलते. कायम. तुम्ही उलटं विचारून बघा."

"सर, ही त्यांची वेळ आहे. आपण त्यांच्यासाठी बोलायचं नाही."

"मी तिच्यासाठी बोलत नाही, तुमच्या प्रश्नाविषयी बोलतोय. बेबे, इकडे बघ. झाडं की चादरी?"

"चादरी," बेबी म्हणाली.

"बघा!"

"सर, तुमच्या आवाजात काय होतं, ते तुम्हाला ऐकू आलं का?" नियोजिका शांतपणे म्हणाली. "तुम्ही ओरडलात. त्या तुमच्या धाकात आहेत, असं मी म्हणत नाही. पण माझ्यासमोर त्यांनी न घाबरता दोनदा झाडं म्हटलं. आणि त्या स्वतः निवडतात, हे मला तुम्हीच सांगितलंत. अभिमानाने सांगितलंत."

बेबीला मन आहे, असे नियोजिकेसमोर छाती फुगवून सांगितलेले आरेखकाने आता कोणत्या तोंडाने मागे घ्यायचे? आणि तेही बेबीच्या देखत?

मुकादम खाकरला. "आमची काही हरकत नाही. घडीवर माणूस मिळतो."

"तुला नसणारच हरकत," आरेखक दात खाऊन म्हणाला, पण मुकादम तोवर उठला होता.

पुढच्या आठवड्यापासून बेबी रोपवाटिकेत जाऊ लागली. पहिल्या सकाळी ती चपला घालून दाराशी उभी राहिली आणि रस्त्यात सवयीने धुलाईघराच्या बाजूला वळली. आरेखकाने तिचा हात धरून दुसऱ्या बाजूला वळवले. तिने हात सोडवून घेतला नाही. तिने तसे करायला हवे होते, असे त्याला राहून राहून वाटत राहिले.

रोपवाटिका वाईट नव्हती. तिथल्या माळीणबाई गोड बोलायच्या. सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखाली लांब लाकडी बाके होती आणि त्यांवर मातीने भरलेल्या काळ्या पिशव्यांच्या रांगा. पिशवीत बोटाने खड्डा करायचा, रोप ठेवायचे, माती दाबायची. बेबीला दाखवले की ती करून दाखवी. मग थांबे. एका कोपऱ्यात खताची रिकामी पोती पडलेली असत. त्यांतले एक उचलून ती त्याचे दोन कोपरे धरी, हात लांब करी, आणि उभी राही. समोर कोणी नसे. ती तशीच उभी राही. दमली की पोते खाली ठेवी, आणि थोड्या वेळाने पुन्हा उचली.

"काय करतात त्या, कळत नाही," माळीणबाई आरेखकाला म्हणाल्या. "मी म्हटलं, पोतं वाळत घालायचंय का? तर म्हणाल्या, घालायचंय. म्हटलं, की टाकून द्यायचंय? तर म्हणाल्या, द्यायचंय. शहाण्या आहेत हो, सगळ्याला हो म्हणतात."

आरेखकाने मागितली म्हणून महिन्याच्या प्रगतीची नोंद त्याला वाचून दाखवण्यात आली. तीत म्हटले होते की व्यक्ती नव्या वातावरणात रुळत आहे आणि आवश्यकतेनुसार स्वतःहून विश्रांती घेते.

"विश्रांती!" घरी आल्यावर तो खोलीभर येरझाऱ्या घालू लागला. "हात लांब करून, पोतं धरून माणूस उभा आहे, आणि हे म्हणतात विश्रांती! नळाला पाणी नसेल तर आम्हीही लिहावं, नळ विश्रांती घेतोय!"

"वन्सं जेवल्या नाहीत आजही," बायको म्हणाली. "निम्मं ताटात."

"मी वरपर्यंत जाणार आहे."

"जा. पण वर काय सांगणार?"

त्याने वर जे सांगितले त्याचा काही उपयोग झाला नाही. संस्थेच्या कार्यालयात एका मोठ्या साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि सहानुभूती दिली. साहेबांच्या मते कुटुंबांना बदल जड जातो. आपले माणूस आपल्याशिवाय निर्णय घेऊ लागले की दुखते, हे स्वाभाविक आहे. आराखड्याचा आढावा सहा महिन्यांनी होईल. तोवर व्यक्तीने स्वतः इच्छा व्यक्त केल्यास बदल करता येतो. कुटुंबाच्या सांगण्यावरून नाही.

"ती इच्छा व्यक्त करतेय. पोतं धरून करतेय."

"शब्दांत किंवा चित्रावर बोट ठेवून," साहेब म्हणाले.

चित्रांचाही अनुभव आरेखकाने घेतला होता. चित्रांच्या बाबतीत बेबी शेवटी दाखवलेल्या चित्रावर बोट ठेवी.

तो तिथून धुलाईघरात गेला. मावशीने आपल्या बाजूने काही म्हणावे, निदान दोन ओळींवर सही करावी, असा त्याचा बेत होता. मावशी नव्या जोडीदारिणीवर तोंड सोडण्यात गुंतली होती. "ही ओढते! चादर आहे की बैल? माझे खांदे निखळले. तुमची बेबी बरी होती, तोंडाची वाफ न दवडता काम करायची."

"तिला तुमची आठवण येते, मावशी."

"मग पाठवा की! मी का धरून ठेवलंय तिला? तुम्हीच नेलीत झाडाखाली सावलीत बसवायला. आता सही कशावर मागताय? मी नाही बाई सह्या करत. माझ्या दिराने एकदा करून घेतली होती, त्यात घराची भिंत गेली."

त्या संध्याकाळी तो इतका चिडलेला होता की बेबीने टीव्हीसमोर ठाण मांडलेले पाहून तो म्हणाला, "बेबे, टीव्ही की झोप?"

"झोप," बेबी म्हणाली आणि उठली.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बघा बरं. आत्ता उजेडसुद्धा मावळलेला नाही."

"काय बघू?"

"तुम्हाला बातम्या लावायच्या होत्या. म्हणून झोप शेवटी. ती नियोजिका निदान न कळून करते. आपण तर कळून करतो. मीसुद्धा करते, तुम्हालाच कशाला बोलू? बाजारात मला दमायला झालं की, 'अजून फिरायचं की घरी?' म्हणते. सासूबाईंची कृपा."

"आईने प्रेमाने केलं."

"मी कुठं म्हणते दुष्टाव्याने केलं? पण आजवर तिला काय हवं, हे आपल्याला तिच्या तोंडून एकदा तरी कळलंय का? मग त्या पोरीवर इतकं कशाला तापायचं?"

आरेखकाने राग बातम्यांवर काढला. टीव्ही बंद केला. बेबी दाराशी येऊन उभी होती. ती परत आली आणि बंद टीव्हीसमोर बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने नियोजिकेला फोन केला. तक्रारीचा सूर त्याच्या आवाजात आला नाही, आणि यामुळे तीही बहुधा गोंधळली. तो एवढेच म्हणाला, "एकदा रोपवाटिकेत या. काही विचारू नका. नुसतं बघा."

ती आली. आरेखकाने रजा काढली होती. दोघे जाळीच्या कडेला उभे राहिले. बेबीने दोन रोपे लावली, हात झटकले आणि पोते उचलले. कोपरे धरून हात लांब केले. नियोजिका बराच वेळ बघत राहिली.

"त्या कोणाची तरी वाट बघतायत," ती शेवटी म्हणाली.

"हं."

मग तिने जे केले त्याची आरेखकाला अपेक्षा नव्हती. ती आपले बूट चिखलात बुडवत पुढे गेली आणि पोत्याचे दुसरे टोक धरले. बेबीने पोते ताणले, झटकले. खताची धूळ नियोजिकेच्या तोंडभर उडाली. पुढे काय करायचे हे तिला कळेना. बेबीच मग चालत तिच्याजवळ गेली, तिच्या हातात कोपरे दिले आणि आपले कपाळ तिच्या कपाळावर इतक्या उत्साहाने आपटले की नियोजिका "आई गं!" म्हणून दोन पावले मागे सरली.

"टक्कर," बेबी म्हणाली. कोणीही तिला काही विचारले नव्हते.

कपाळ चोळत नियोजिका परत आली. तिचे डोळे पाणावले होते, ते आपटण्यामुळेही असेल. तिने बेबीला हाक मारली आणि आपल्या नेहमीच्या सावकाश आवाजात विचारले, "ताई, चादरी, झाडं की बस?"

"बस."

"ताई, बस, झाडं की दगड?"

"दगड."

आरेखकाने आयुष्यात पुष्कळ वाद घातले होते आणि त्यातले फार थोडे जिंकले होते. हा जिंकल्यावर कसे वाटेल याची त्याने कितीतरी दिवस कल्पना केली होती. आता त्या मुलीचा उतरलेला चेहरा पाहून त्याला काहीच वाटले नाही.

"मी चुकले, सर," ती म्हणाली. "मी बदल करून घेते. शब्द देते."

तिने शब्द पाळलाही. एका शुक्रवारी दुपारी ती घरी आली, तेव्हा धुलाईघराची जागा मिळाली असल्याची बातमी तिच्याजवळ होती. नवी जोडीदारीण मावशीला कंटाळून दुसरीकडे गेली होती. मुकादमाची पूर्वीसारखीच काही हरकत नव्हती. फक्त एक सही लागणार होती, आणि ती सांगताना नियोजिका आरेखकाकडे न बघता चहाच्या कपाकडे बघत होती.

"आराखडा बदलायला व्यक्तीची इच्छा लागते. आणि आपणच दाखवून दिलंय की त्यांचं उत्तर धरता येत नाही. मग नियमाप्रमाणे एकच वाट राहते. त्या स्वतःची निवड करू शकत नाहीत, असं तुम्ही पालक म्हणून घोषित करायचं. मग निर्णय तुमच्याकडे येतो. तुम्ही चादरी म्हणा, चादरी होतील."

"आणि पुढे?"

"पुढे सगळेच निर्णय तुमच्याकडे. कुठलंही काम, कुठलाही बदल. बैठकांना त्या आल्या नाहीत तरी चालेल."

"पण ती निवडू शकते!" आरेखकाचा आवाज चढला. "तुमच्या डोळ्यांदेखत निवडलं तिने! तुमच्या कपाळावर निवडलं!"

"मला माहीत आहे, सर. मी वर तसं मांडलं. ते म्हणाले, वागणूक ही इच्छा म्हणून धरत नाहीत. शब्द किंवा चित्र." तिने कप खाली ठेवला. "मी पुन्हा मांडणार आहे. पण त्याला महिने लागतील. आणि जागा सोमवारपर्यंतच मोकळी आहे."

आरेखक उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. त्याच्या डोक्यात तक्रारीची वाक्ये आपोआप जुळू लागली होती. एकाहून एक बांधीव, बिनतोड, आणि सोमवारपर्यंत एकाचाही उपयोग नसलेली. सही केली नाही तर बेबीची इच्छा म्हणून झाडे कायम, आणि ती पोते धरून उभी. सही केली तर चादरी तिच्या, पण तिला इच्छाच नाही असे तिच्या सख्ख्या भावाने सांगितलेले. तिला जे हवे ते मिळवून देण्यासाठी तिला काही हवेच असू शकत नाही असे लिहून द्यायचे होते. एखाद्या नळात पाणी यावे म्हणून तो नळ नकाशावरून पुसून टाकावा, तसे हे होते.

"तुम्ही काय केलं असतंत?" त्याने नियोजिकेला विचारले. ती इतकी तरुण होती की हा प्रश्न तिला विचारणे अन्यायाचे होते.

"मला नाही माहीत, सर."

त्याने बायकोकडे पाहिले. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "लिहिलेलं काय, तुम्ही पुढे भांडत बसालच. तुम्हाला त्याचीच आवड. वन्संचं ताट रोज निम्मं परत येतंय, ते मला बघवत नाही."

बेबी समोरच्या खुर्चीत बसली होती. चहाच्या बशीत तिने बिस्किटाचे तुकडे एका ओळीत लावले होते. आरेखकाने तिला विचारायला तोंड उघडले. काय विचारणार? आणि कोणता शब्द शेवटी ठेवणार?

त्याने सही केली. त्याची सही नकाशांवर असायची तशीच सरळ आणि वाचता येण्याजोगी आली, आणि तेवढ्याचाही त्याला संताप आला.

नियोजिकेने कागद पिशवीत ठेवला. ती उठली, आणि आजवर कधी केले नव्हते ते तिने नकळत केले. बेबीकडे पाठ करून आरेखकाला म्हणाली, "मग सोमवारपासून त्यांना धुलाईघरात घेऊन या, सर. त्यांनाही सांगून ठेवा."

"तुम्ही सांगा," आरेखक म्हणाला. "ती इथे बसलीय."

मुलगी लाल झाली. ती वळली, खाली वाकली, आणि एवढ्या दिवसांत प्रथमच तिने घरचे नाव घेतले.

"बेबीताई, सोमवारपासून चादरी."

"चादरी," बेबी म्हणाली.

तो शेवटचा शब्द होता, तेव्हा त्यावरून कोणालाच काही कळले नाही. पण ती खुर्चीवरून उठली, आत गेली, चपला घालून आली आणि दार उघडून उभी राहिली. वहिनीने "अहो वन्सं, आज नाही, सोमवारी" म्हटले, नियोजिकेने बोटांवर दिवस मोजून दाखवले, आरेखकाने हात धरून पाहिला. या वेळी तिने हात सोडवून घेतला. आज शुक्रवार आहे हे तिला समजावण्यात त्या तिघांची सगळी संध्याकाळ गेली, आणि तरीही ते तिला पटले नाही.